सुनंदाताई आणि आठ बॅटऱ्यांची सायकल

परवा आमच्या मीरा रोडला बॅटरीवरच्या स्कूटरचं नवीन शोरूम उघडलं. मी नुसती बघायला शिरले, घ्यायचं बियायचं काही नव्हतं. सेल्समन भलताच उत्साही निघाला. त्याने सीट वर केली, हातात किल्ल्यांचा जुडगा होता त्याच हाताने खालच्या बॅटऱ्यांवर थाप मारली आणि म्हणाला, "देखो मॅडम, एकदम सेफ. कुछ नहीं होता!"

माझा डावा हात आपोआप जीन्सच्या खिशात गेला. खरंच सांगते, आपोआप! वर मी एक पाऊल मागे सरकले आणि तोंडातून निघून गेलं, "भैया, पहले चाबी बाजू में रखो." तो बघतच राहिला. त्याला काय माहीत, मी सुनंदाताईंच्या हाताखालून गेलेय.

सुनंदाताई मांडवकर. इथेच मीरा रोडच्या हाटकेशला एका गाळ्यात यूपीएस आणि इन्व्हर्टर बनायचे, तिथे त्या बॅटरीचं सगळं काम बघायच्या. मी बारावीनंतर तिथे ऑफिसात टायपिंगला लागले होते. कोटेशन, वॉरंटी कार्ड, "आपकी कंप्लेंट मिली" वगैरे. माझं टेबल आणि त्यांचं टेबल यांच्यामध्ये फक्त एक प्लायवूडचं पार्टिशन, आणि ते पण अर्धंच. त्यामुळे त्या जे बोलायच्या ते सगळं मला ऐकू यायचं. गाळ्याबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही यायचं म्हणा.

ते दिवस लोडशेडिंगचे. मुंबईत लाइट आणि दहिसरच्या या बाजूला अंधार! त्यामुळे आमचा धंदा जोरात. गंमत म्हणजे लाइट विकणारे आम्ही आणि लाइट गेली की आम्हीच घामाघूम होऊन बसायचो, कारण आमचे शेठ जिग्नेशभाई म्हणायचे, "माल बेचने का है, वापरने का नहीं." सुनंदाताई लगेच पार्टिशनच्या पलीकडून, "शेठ, हलवाई पण कधीतरी पेढा खातो ओ!"

दिसायला कशा होत्या? बुटक्या, सावळ्या, चेहरा गोल. पण लक्षात राहायचा तो वेष. साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट! गळ्यापर्यंत बटणं लावलेली, पदर आत कोंबलेला. बॅटरीवर वाकताना काही लोंबता कामा नये म्हणून. आणि काम करायच्या उजव्या हाताने. डावा हात शर्टाच्या छातीवरच्या खिशात. म्हणजे लांबून बघितलं की वाटायचं बाई कसली तरी शपथ घेतायत. मी पहिल्याच दिवशी हसले. त्यांनी बघितलं.

"हस हस. एका हाताने शॉक लागला तर हात भाजतो. दोन हातांनी लागला तर करंट या हातातून त्या हातात जातो. मध्ये काय असतं?"

"काय?"

"काळीज असतं गं बाय! तुला आहे ना? मग घाल हात खिशात."

मी फक्त त्यांना चहा द्यायला गेले होते.

त्यांचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण शेठपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना पाठ होते. बॅटरीच्या टेबलाजवळ अंगठी नाही, कडं नाही, घड्याळ नाही. पान्यांच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब चढवलेली, फक्त तोंड उघडं. ट्यूब त्या पंक्चरवाल्याकडून आणायच्या आणि दुधाच्या पिशव्या धुवाव्या तशा धुऊन वाळत घालायच्या. प्लसच्या टोकाला लाल रंग म्हणून नेलपॉलिश लावायच्या. नेलपॉलिश माझी! "तुझ्या नखांपेक्षा बॅटरीला शोभते," वर हे. आणि एक जोड झाला की आधी त्याच्यावर रबराची टोपी, मगच दुसऱ्याला हात.

जिग्नेशभाईंच्या बोटात एवढा मोठा पुखराज होता. ज्योतिषाने सांगितलेलं, काढायचा नाही. ते एकदा गिऱ्हाइकासमोर ऐटीत बॅटरीला हात लावायला गेले आणि ताई गरजल्या, "शेठ! पुखराज टेबलावर!" गिऱ्हाईक दचकलं. शेठ पुटपुटले, "सुनंदाबेन, गुरु खराब हो जाएगा." ताई म्हणाल्या, "गुरु वर आहे, त्याला शॉक लागत नाही. बोट तुमचं आहे." शेठने अंगठी काढली आणि काम संपेपर्यंत ती माझ्या की-बोर्डजवळ ठेवली. मी तेवढा वेळ नीट टाइप पण करू शकले नाही.

हे वेड कुठून आलं तर डाव्या मनगटावरून. तिथे बांगडीच्या आकाराचा डाग होता, गोल, गुळगुळीत. पूर्वीच्या कारखान्यात असताना त्यांच्या हातात लग्नातली पाटली होती. बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकली. साधी बारा व्होल्टची बॅटरी! शॉक वगैरे काही लागला नाही, पण पाटली तापून लाल झाली आणि हातातून निघेना. "बारा व्होल्टला सगळे कचरा समजतात," त्या सांगायच्या. "अगं, लाइटला स्विच असतो. बंद केली की मेली. बॅटरीला स्विच नसतो. ती झोपलेली दिसते, पण झोपलेली नसते."

कोणी नवीन आलं की हा डाग बाही वर करून दाखवायच्या. डिग्री सर्टिफिकेट दाखवतात ना, तसा.

आणि मंगळसूत्र? ते सकाळी आल्या आल्या काढून घड्याळाखालच्या खिळ्याला टांगायच्या. संध्याकाळी जाताना गळ्यात. एकदा दिवाळीच्या पूजेला शेठची बायको आली. तिने खिळ्यावरचं मंगळसूत्र बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

"अरे बेन, ये ऐसे नहीं उतारते. पति के लिए अपशकुन होता है."

ताई हात धूत होत्या. वळून म्हणाल्या, "भाभी, ये पहन के मैं बॅटरी पे झुकी ना, तो पति को कुछ नहीं होगा. मैं जाएगी. फिर वो दुसरी लाएगा. उसको तो शकुन है!"

भाभींना हसावं का रडावं कळेना. मग हसल्याच.

पण एका वाक्यावर मात्र ताई हसायच्या नाहीत. "काय नाय होत." हे तीन शब्द कोणी उच्चारले की त्या दिवशी त्याला बॅटरीच्या टेबलाला हात लावायला बंदी. "तू आज पॅकिंग." बस. मग तो दिवसभर थर्माकोल आणि खोके. आमचा प्रदीप भोईर, सर्व्हिसला जायचा, तो आठवड्यातून निदान एकदा पॅकिंगला असायचाच. जवळच्या गोडदेवचा, तिथलाच मूळचा. बोर्ड दुरुस्त करण्यात एकदम वस्ताद, मेलेला इन्व्हर्टर उठवायचा. पण जिभेवर तेच. "काय न्हाय होत गो ताय!"

"प्रद्या, पॅकिंग."

"अगो पन..."

"पॅकिंग!"

आता मुख्य गोष्टीकडे येते, नाहीतर मी अशीच भरकटत जाईन.

ताईंचे मिस्टर दिनकरदादा. दोघं रायगडची, म्हसळ्याकडची, राहायची गोडदेवच्या एका चाळीत. दादांची पूजेच्या फुलांची लाइन होती. म्हणजे पहाटे बाजारातून फुलं आणायची, बायकोबरोबर बसून पानात पुड्या बांधायच्या, आणि सायकलवरून बिल्डिंगा-बिल्डिंगांत दाराच्या कडीला लावून यायच्या. आमच्या सिल्व्हर पार्कच्या घरी पण त्यांचीच पुडी यायची आणि आम्हाला कित्येक वर्षं माणूस माहीतच नव्हता! दार उघडलं की कडीला फुलं. देवानेच लावली असावीत तशी.

मग दादा आजारी पडले. छातीत पाणी झालं. दोनदा काढलं. बरे झाले, पण दम राहिला नाही. चार पावलं भरभर चालले की भिंतीला टेकायचे. लाइन त्यांच्या पुतण्याने सांभाळायला घेतली, पण त्याला दसऱ्यानंतर सुरतला नोकरी लागणार होती. म्हणजे दसऱ्यापर्यंत दादा उठले नाहीत तर लाइन दुसऱ्या कोणाला द्यायची, आणि एकदा दिली की गेली. घरं माणूस धरून असतात. गिऱ्हाइकं चांगली होती, म्हणाली जिने चढू नका, वॉचमनकडे ठेवत जा. प्रश्न राहिला सायकलचा. पेडल मारणं होईना.

दादा म्हणायला लागले, "मी गावी जाऊन बसतो. तू हितं नोकरी कर."

ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा पान्यावर ट्यूब चढवत होत्या. "गावी जाऊन बसतो म्हणे! बसलेला माणूस बसतो गं. आमचे सासरे असेच चार दिवस बसायला गेले होते ओटीवर. उठलेच नाहीत." ट्यूब जोरात ओढली. "मी याला बसू देणार नाय."

त्यानंतर आठवड्याभरात त्या दादांच्या सायकलला लावायला भंगारवाल्याकडून एक मोटार घेऊन आल्या. सिल्व्हर पार्कजवळची एक जिम बंद पडली होती, तिथल्या धावायच्या मशीनची मोटार! ज्याच्यावर लोक एका जागी पळतात ना, ते. प्रदीपने बघितलं आणि नाचायलाच लागला. "ताय, ही तर घोडा हाय घोडा!" पण घोड्याला खाणं जास्त. ती मोटार जास्त व्होल्टवर चालणारी. बारा-चोवीसवर नुसती कुरकुरायची. मग ताईंनी ठरवलं, गिऱ्हाइकांच्या यूपीएसमधून बदलून आलेल्या छोट्या बॅटऱ्या असतात, त्यातल्या चांगल्या आठ निवडायच्या आणि एकापुढे एक जोडायच्या. एकीची प्लस दुसरीच्या मायनसला, तिची प्लस तिसरीच्या. बारा-बारा करत शंभरच्या आसपास जातं.

जिग्नेशभाईंनी हो म्हटलं. जुन्या बॅटऱ्या घेऊन जा म्हणाले, दिनकरभाईला माझ्याकडून. शेठ तसे मनाने चांगले.

मग गाळ्यात एक नवीनच जान आली! दुपारच्या सुट्टीत सगळे तेच. ताई रोज बॅटऱ्या मीटरने मोजायच्या, रात्रभर ठेवून परत मोजायच्या, जी खाली उतरली ती बाद. "सात धावणारे आणि एक लंगडा असं नाय चालत. लंगडा मरतो आणि बाकीच्यांना घेऊन मरतो." प्रदीपने स्पीड कमी-जास्त करायचा बोर्ड बनवला. आणि ताईंनी पॅकचे दोन भाग केले, चार आणि चार. दोघांच्या मध्ये एक मोठा फ्यूज आणि एक जाडा प्लग. प्लग काढला की शंभरचा साप अर्धा-अर्धा होतो, हे त्यांचं म्हणणं. प्लग सगळ्यात शेवटी लावायचा, आणि गाडीला हात लावण्याआधी सगळ्यात पहिला काढायचा.

एवढं सगळं केलं. आणि तरीही झालंच.

बॅटरी लाइनवाल्यांची एक जुनी खोड असते. बॅटरीत जीव आहे का बघायला मीटर कोण शोधत बसणार? वायरची दोन टोकं एकमेकांना निसटती घासायची. चट्ट करून ठिणगी पडली की जिवंत. गॅरेजवाले, इन्व्हर्टरवाले, सगळे करतात. प्रदीप तर दिवसातून शंभर वेळा करायचा. हाताची सवय, डोक्याला विचारत पण नाही.

त्या दिवशी दिनकरदादा पहिल्यांदा गाळ्यावर आले होते, आपली गाडी बघायला. स्टुलावर बसलेले, स्वच्छ शर्ट, अंगावर नुसता हाडांचा सांगाडा. ताई आतल्या मोरीवर हात धुवायला गेल्या. चार बॅटऱ्यांचा अर्धा पॅक टेबलावर तयार होता. प्रदीप दादांना म्हणाला, "दादा, पॉवर बघायची हाय?" आणि वायरची दोन टोकं उचलून घासली.

चट्ट नाही झालं. फाट्ट झालं! पांढरा स्वच्छ उजेड, वेल्डिंग करतात तसा. तांब्याची टोकं वितळून एकमेकांना चिकटली आणि वायर धुरायला लागली, रबर जळल्याचा वास, प्रदीप ओरडतोय, हात झटकतोय. ताई आतून धावत आल्या. इकडे तिकडे काही बघितलं नाही. डावा हात खिशात, उजव्या हाताने लाकडी मुठीची कटर घेतली आणि चिकटलेल्या वायरपैकी एकच, फक्त एकच, कापली; दोन्ही एकदम कापल्या तर कटरच्या लोखंडातूनच परत जोड होतो. धूर थांबला.

प्रदीपच्या भुवया गेल्या आणि तळहात भाजला. डोळे वाचले. नशीब त्याचं. ताईंनी त्याचा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तो रडत होता. "ताय, नेहमी करतो गो मी..."

"नेहमी एक असते रे बाळा. या चार होत्या." पॅकिंग म्हणाल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "चूक माझी पण आहे. फ्यूज मी मधल्या जोडात ठेवला. जोडच नव्हता तर फ्यूज काय वाचवणार? अर्ध्या-अर्ध्याला पण पाहिजे होता."

पण खरं नुकसान स्टुलावर बसलेलं होतं. दिनकरदादा आता स्टुलावरून उठून भिंतीला पाठ लावून उभे होते, धाप लागलेली. म्हणाले, "सुनंदा, ह्याच्यावर मी बसायचं? ढुंगणाखाली ही वीज घेऊन?" आणि चपला शोधायला लागले. जिग्नेशभाई पण आले, वास घेतला, प्रदीपचा हात बघितला. "सुनंदाबेन, मेरे गाले में अब नहीं. बस."

संध्याकाळी ताईंनी प्रत्येक टोकाला रबराची टोपी घालून, आठही बॅटऱ्या वेगवेगळ्या करून रिक्षात ठेवल्या आणि घरी घेऊन गेल्या. दसरा तोंडावर आला होता.

मला वाटलं, संपलं. गाडीचा विषय त्यांनी काढलाच नाही. मग शनिवारी जाताना सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "रेश्मे, उद्या दुपारी घरी येशील? नेलपॉलिश घेऊन ये. भडक आण."

रविवारी गोडदेवला गेले. चाळीतल्या खोलीत जमिनीवर गोणपाट पसरलेलं, त्यावर प्लायवूड, त्यावर आठ बॅटऱ्या. प्रदीप पण आलेला, हाताला पट्टी, भुवया नसलेला, वेगळाच दिसत होता, मला बघून म्हणाला, "हसू नको हां." आणि बॅटऱ्यांसमोर पाटावर मांडी घालून, डावा हात खिशात घालून बसले होते दिनकरदादा! पाना त्यांच्या हातात. ताई लांब, मोरीच्या कट्ट्यावर. हाताची घडी.

"मी हात लावणार नाय," त्या म्हणाल्या. "ज्याला बसायचंय त्याने बांधायची."

"मला काय कळतंय ह्यातलं?" दादा.

"हार ओवता येतो ना?"

"त्याचं काय?"

"हाच हार आहे. एक फूल, दुसरं फूल. वाईट फूल मधी आलं तर हार सडतो. आणि हाराची दोन टोकं तुम्ही कधी बांधता?"

"शेवटी."

"बस. तेवढंच. मोकळी दोन टोकं एकमेकांना भेटली नाय पाहिजेत. एक नेहमी टोपी घालून."

मग जे बघितलं ते काय सांगू! ज्या माणसाला चार पावलं चालवत नव्हती, त्याची बोटं किती निवांत चालत होती. जोड घट्ट करायचा, टोपी घालायची, बोटाने दाबून बघायचं, मगच पुढचं. मी लाल रंग लावत होते, ते जोडत होते. मधेच दम लागला की थांबायचे. कोणी घाई केली नाही. दोन्ही अर्ध्या भागांना आता आपापला फ्यूज होता. प्रदीप दोनदा पुढे सरकला आणि दोन्ही वेळा ताईंनी नुसती नजर टाकली. तो मागे.

सगळं डब्यात बसलं. राहिली फक्त प्रदीपच्या बोर्डाची जोडणी. दादांनी लाल आणि काळी वायर धरली, स्क्रू आवळले. मग ताई म्हणाल्या, "आता बल्ब."

हा त्यांचा अजून एक प्रकार. मोठा प्लग सरळ लावायचा नाही. आधी घरातला साधा पिवळा बल्ब मध्ये जोडून त्याच्यातून करंट सोडायचा. बोर्ड बरोबर असला तर बल्ब क्षणभर मंद पेटतो आणि विझतो. विझला म्हणजे सगळं ठीक, मग खरा प्लग. आणि नाही विझला तर कुठेतरी चूक आहे, हात काढा. बल्बमधून जेमतेम करंट जातो, त्यामुळे चूक असली तरी काही जळत नाही.

दादांनी बल्बची वायर टेकवली. बल्ब पेटला. पिवळा, मंद. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो.

विझेना.

"काढा," ताई शांतपणे म्हणाल्या.

दादांनी वायर काढली. शेजारच्या खोलीत टीव्हीवर काहीतरी चालू होतं. मला वाटलं आता हा माणूस उठणार आणि गावची गाडी धरणार.

दादा उठले नाहीत. त्यांनी खाली वाकून पहिल्या जोडापासून बघायला सुरुवात केली. एकेक टोपी उचलून, बघून, परत घालून. शेवटी बोर्डापाशी पोचले. थांबले. "उलटी लावली मी," म्हणाले. "लाल काळ्यात गेली. हे बघ." आणि मग बॅटऱ्यांकडे बघून, स्वतःशीच बोलल्यासारखं, "उलटी लावली तरी उडालं नाय काय."

"नाय," ताई म्हणाल्या.

"बल्बाने सांगितलं."

"हं."

त्यांनी वायर सरळ केल्या. परत बल्ब. पेटला, आणि लाजल्यासारखा विझून गेला. प्रदीपने त्या पट्टीच्या हाताने टाळी वाजवली आणि कळवळला. दादांनी ताईंकडे बघितलं पण नाही, प्लग उचलला आणि स्वतः लावला.

मी निघताना ताई मला नाक्यापर्यंत सोडायला आल्या. मी म्हटलं, "ताई, लाल काळ्यात गेली तेव्हा तुम्ही समोरच होतात. तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग बोलला का नाहीत?"

त्या थोडं चालल्या. "बल्ब होता ना. जळणार काय नव्हतं." मग म्हणाल्या, "मी बोलले असते तर गाडी माझी झाली असती गं. माझ्या गाडीवर तो बसला नसता."

दसऱ्याच्या आधीच दादांनी लाइन परत घेतली. सायकल म्हणजे काय दिसायची! मागे पत्र्याची पेटी, पुढे फुलांची टोपली, आणि आवाज जिममधून कोणीतरी पळत येतंय तसा. आमचा वॉचमन सलाम ठोकायचा. दादा प्लग काढून खिशात टाकायचे आणि मग पुड्या द्यायचे. कोणी विचारलं, ये क्या बनाया आपने, तर म्हणायचे, "हार है." लोकांना वाटायचं, फुलांबद्दल बोलतायत.

पुढे मला मालाडला नोकरी लागली आणि गाळा सुटला. जिग्नेशभाईंनी पण कारखाना वसईला हलवला. ताई तिकडे गेल्या असं ऐकलं, मग काही ऐकलं नाही. फोन नंबर होता तो कधीतरी बदलला असावा.

शेवटचं बघितलं ते मालाडच्या नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत. थंडी होती, आमच्याकडे असते तेवढी. मी सकाळी गोडदेव नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी. चाळीच्या गल्लीतून तो जिमवाला आवाज आला आणि दिनकरदादा सायकलवरून सुसाट बाहेर पडले. एका रिक्षाला ओव्हरटेक केलं, खरंच केलं! आणि त्यांच्यामागे गल्लीच्या तोंडाशी सुनंदाताई धावत आल्या, हातात मफलर, केस सुटलेले.

"अहो! अहो, छाती उघडी आहे! मफलर! हळू जा ओ!"

दादा पुढच्या वळणावर दिसेनासे झाले. ताई रस्त्याच्या मध्येच उभ्या, धापा टाकत. मला बघितलं.

"बघितलंस रेश्मे? वळून तरी बघितलं का मेल्याने!"

मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी त्याला हाताने थांब म्हणून सांगितलं, तो मफलर स्वतःच्याच गळ्याभोवती दोनदा गुंडाळला आणि वळणाकडे बघत तशाच उभ्या राहिल्या.